अर्ध्या गोळीचं भांडण

दत्ता, काल दुपारी तुझ्या दवाखान्याचं शटर अर्धं उघडं दिसलं आणि मी सवयीनं माझ्या मेडिकलच्या गल्ल्यावरूनच ओरडलो, "डॉक्टर, चहा सांगू का?" आतून तुझा धाकटा भाऊ बाहेर आला. हातात फडकं होतं, बाकं पुसत होता बिचारा. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं, आणि दोघंही आपापल्या दारात गेलो. तुला जाऊन सतरा दिवस झाले, पण माझ्या घशाला अजून ते कळलेलं नाही.

शोकसभेत सगळे बोलले. सरपंच बोलले, बाजार समितीचे लोक बोलले, घोडेगावकडून जीप करून आलेली तुझी पेशंट मंडळी तर बोलता बोलता रडायलाच लागली. मला दोनदा माईककडं ढकललं गेलं. "शेठ, तुमी तर शाळेपासूनचं जोडीदार, दोन शब्द बोला." मी हात जोडून खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं बोलवत नाही. ते तर होतंच. पण मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. ते फक्त तुला सांगायचं होतं आणि तू फोटोत हार घालून बसला होतास.

तर आता लिहून सांगतो. पाच महिने मी तुझी बी.पी.ची गोळी तुला न विचारता बदलली होती.

शिव्या घाल. घालच. तीस वर्षं आपल्या दोघांत एक वीटभर जाडीची भिंत. तिकडून तू चिठ्ठी लिहायचास आणि इकडं मी ती वाचायचो, कारण तुझं ते कोंबडीचं अक्षर वाचणारा नारायणगावात दुसरा कुणी नव्हता. तू लिहिलंस त्यापेक्षा वेगळी गोळी मी कधी कुणाला दिली नाही, निदान जाणूनबुजून नाही. ज्या एका माणसाला दिली तो तू निघालास.

आणि भांडण तरी कशावरून? लोक विचारायचे, डॉक्टर आणि शेठ रोज दुपारी पायरीवर बसून एवढे काय तावातावानं बोलतात? कुणाला वाटायचं जमिनीचा वाद आहे, कुणाला वाटायचं राजकारण. कुणी फारच मागं लागलं तर मी पायातल्या चपला काढून काउंटरवर ठेवायचो. बघ, दोन्हीचं कातडं एक, खिळे एक, माप एक. पण डावी उजव्या पायात बसते का? काही औषधांचे कण असेच असतात. आरशात बघितल्यासारखे डावे आणि उजवे. कारखान्यात तयार होताना दोन्ही निम्मे निम्मे होतात आणि गोळीत तसेच एकत्र येतात. शरीरात काम करतो त्यातला एकच. दुसरा नुसता बरोबर फिरतो, कधी कधी चावतोही. म्हणून आता नुसत्या कामाच्या कणाची नवी गोळी निघाली. वजन निम्मं, काम तेवढंच, त्रास कमी. एवढं माझं साधं म्हणणं.

"काउंटरवरनं चपला खाली घे आधी, लोकं तिथनं औषध नेत्यात," हे तुझं पहिलं वाक्य. आणि मग तू सुरू व्हायचास. "ती दुसरी चप्पल गप पडून व्हती ना कोपऱ्यात? कुनाला चावत न्हवती ना? मग ती काढून पेशंटला काय मिळालं? नवीन नाव आन वाढीव किंमत! जुन्या औषधाचा हक्क संपला, कुनीबी बनवाया लागलं, की कंपनी त्यातलाच निम्मा भाग काढती आन नवा म्हनून इकती."

ॲसिडिटीच्या गोळीवरून तर तू मला पार उघडा पाडला होतास. कंपनीचा माल खपवणारा एम.आर. माझ्या काउंटरवर चकचकीत पत्रक ठेवून गेला होता, त्यात नवी गोळी जुनीपेक्षा कशी सरस याचा आलेख. तू चष्मा कपाळावर चढवून खालची बारीक अक्षरं वाचलीस आणि हसायलाच लागलास. "पारस, हितं बघ. नव्याचे चाळीस मिलिग्रॅम आन जुन्याचे वीस मिलिग्रॅम शेजारी शेजारी ठेवल्यात. आरं, दोन भाकरी खाल्लेल्याला इचारायचं, एक भाकरी खाल्लेल्यापरीस तुजं पोट जास्त भरलं का? जुन्याचे चाळीस देऊन बघा की मर्दांनो!" मी म्हणालो, सूर्य मावळतोय, माझी जेवायची वेळ झाली. तू मागून ओरडलास, "पळ मारवाड्या, पळ!"

मीही काही सगळीकडं हरलो नाही. त्या भूल देण्याच्या इंजेक्शनावर तू हरलास. त्यातला एक कण काळजाला जास्त धोक्याचा, तो काढून टाकलेला बरा, हे तुला मान्य करावं लागलं. "एक मुद्दा तुजा," एवढंच म्हणालास, तेही दुसरीकडं बघत. त्या आनंदात मी सर्दीच्या नव्या गोळीनं झोप येत नाही हे सिद्ध करायला स्वतःच एक घेतली आणि भर दुपारी काउंटरवर डोकं टेकवून घोरलो. उठलो तेव्हा काचेला कागद चिकटवलेला होता, तुझ्या अक्षरात: शेठ नव्या गोळीवर आहेत. नशीब, तुझं अक्षर कुणाला वाचता येत नव्हतं.

हसू येतं रे आठवलं की. आणि लगेच दुसरंच काहीतरी होतं, मग मी आतल्या फ्रीजपाशी जाऊन उभा राहतो.

ठकूबाईची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. घोडेगावच्या वरच्या अंगाच्या गावातली म्हातारी, एसटी बदलून तुझ्याकडं यायची. तिला बाहेरच्या कुठल्यातरी डॉक्टरनं बी.पी.ची नवी गोळी सुरू केली होती, अडीच मिलिग्रॅमची. माझ्याकडं ती संपलेली. दुकानात गर्दी. मी जुन्या जातीची अडीचची पट्टी कापून दिली. आकडा तोच, म्हटलं चालेल. आणि हे कुणी केलं? ज्यानं आयुष्यभर चपला दाखवून सांगितलं की नव्याचे अडीच म्हणजे जुन्याचे पाच, त्यानं. महिनाभर म्हातारीनं निम्मंच औषध घेतलं आणि डोकं धरून तुझ्या बाकावर येऊन बसली. तू तिचं बी.पी. उतरवलंस, तिला चहा पाजलास, एसटीत बसवून आलास. तिच्यासमोर मला एक शब्द बोलला नाहीस. दुपारी पायरीवर बसलास आणि हळूच म्हणालास, "पारस, तुमच्या ह्या नावांच्या अन् आकड्यांच्या खेळात एक दिवस मानूस जाईल."

हे वाक्य मला आता झोपू देत नाही.

मग ती ज्येष्ठातली दुपार. तू चपला काढून पायरीवर मांडी घालायला गेलास आणि तुला ती घालता येईना. तुझ्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ एवढा खोल उमटला होता की त्यात बोट मावलं असतं. मी म्हणालो, "हे त्या जुन्या गोळीनं सुजलेत पाय. तुलाही माहितीये. आता तरी नवी घे. निम्म्यात भागतं, सूज कमी येते."

"कमी येती असं कंपनी म्हनती."

"कंपनी खोटं बोलते, पाय तरी खरं बोलतात ना?"

"पाय माजे हायेत, शेठ. तुजे न्हाईत."

तू चिडून उठलास, चपला हातात घेऊन अनवाणीच दवाखान्यात गेलास. मला राग आला. खरं सांगतो, काळजी होती, पण त्यात राग निम्मा होता. तुझ्या नाकावर टिच्चून दाखवीन, असं मनात आलं. दोन दिवसांनी तुझ्या महिन्याच्या गोळ्यांची वेळ आली. मी नव्या गोळीच्या पट्ट्या घेतल्या, कात्रीनं नावाची कड काढून टाकली, तीस मोजल्या, खाकी पाकिटात घातल्या आणि पिन मारली. वर लिहिलं, सकाळी १. या वेळी आकड्यात चूक केली नव्हती, दत्ता. जुन्याच्या पाचाला नव्याचे अडीच. तीनदा तपासलं. तू पाकीट शर्टाच्या खिशात टाकलंस आणि निघून गेलास. डॉक्टर माणूस दुसऱ्याची गोळी उजेडात धरून बघतो आणि स्वतःची न बघता गिळतो, असं मी धरून चाललो होतो.

आणि तीन आठवड्यांत तुझी सूज उतरली! वळ गेला. तू मांडी घालून बसायला लागलास. मी तुझ्या पायांकडं बघत बसायचो आणि आतल्या आत उकळ्या फुटायच्या. एकदा तर तू स्वतःच पाय पुढं केलास. "काय रं, कुठं गेली सूज? जुन्या गोळीच्या नावानं बोंब मारत व्हतास ना?" मला हसू आवरेना. मी विचारलं, "बी.पी. किती आहे?" तू म्हणालास, "फस्क्लास!" ठरवलं, दिवाळी होऊ दे. फराळाला बसलो की सगळ्यांसमोर सांगायचं, डॉक्टरसाहेब, तुम्ही पाच महिने माझ्या गोळीवर आहात. तुझा चेहरा कसा होईल, हे मी किती वेळा डोळ्यांसमोर आणलं होतं.

मधे आमची जैनांची संवत्सरी आली. दर वर्षीसारखा मी हात जोडून तुझ्याकडं आलो, वर्षभरात जाणता अजाणता मन दुखावलं असेल तर क्षमा कर. तू दर वर्षीसारखाच म्हणालास, "कशाकशाबद्दल? यादी दे." मी यादी दिली. उशिरा चहा सांगितला, तुला हट्टी म्हटलं, तुझ्या पेशंटसमोर तुझ्या अक्षराची टिंगल केली. गोळीचं तेवढं सांगितलं नाही. मग तू माझे जोडलेले हात धरलेस आणि म्हणालास, "मलाबी माफ कर. माजी यादी मागू नगं." मला वाटलं, गंमत करतोयस.

तू पडलास त्याचा आवाज मला भिंतीतून आला. स्टूल पडल्यासारखा. मी धावत आलो तेव्हा समोरच्या बाईच्या दंडाला बी.पी.चा पट्टा गुंडाळलेला, आणि तू टेबलाच्या बाजूला जमिनीवर. तोच पट्टा सोडवून मी तुझ्या दंडाला बांधला. वरचा आकडा दोनशेच्या कितीतरी पुढं गेला होता. तुझं तोंड एका बाजूला ओढलं होतं आणि तू मला काहीतरी सांगत होतास, ते मला कळलं नाही. तुझं अक्षर वाचणारा मी, तुझं बोलणं वाचू शकलो नाही. पुण्याला नेलं, तर मेंदूत रक्तस्राव झाला म्हणाले. तिसऱ्या दिवशी संपलं.

त्यानंतर माझ्या डोक्यात एकच गोष्ट. नव्याचे अडीच म्हणजे जुन्याचे पाच, हे कुणी सांगितलं मला? पुस्तकानं, पत्रकानं, त्या एम.आर.नं. आणि ते बरोबरही असेल. हजार लोकांत बरोबर असेल. पण तुझ्या रक्तात बरोबर होतं का? तू म्हणायचास, "पुरावा दाखव." माझ्याकडं पुरावा म्हणून काय होतं? तुझे दोन पाय. आणि तुझ्या बी.पी.चा आकडा मी कधी बघितलाच नाही, तू फस्क्लास म्हणालास आणि मी मानलं. तू माझा एकुलता एक मित्र, आणि मी तुला भांडण जिंकण्यासाठी गोळी चारत होतो. मी माणूस मारला, दत्ता. नदीवर दहाव्याला उभा होतो तेव्हा हेच वाक्य मनात चालू होतं. वहिनींच्या समोर जायची हिंमत होत नव्हती.

तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याच आल्या. माणूस गेलं की घरात उरलेली औषधं मेडिकलात परत आणून द्यायची, ही आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. घरात ठेवायची नाहीत, आणि फेकवतही नाहीत. सुमनवहिनी कापडी पिशवी घेऊन आल्या, काउंटरवर ठेवली. "पारसभाऊ, ही ह्यांची औषधं. पैसं नकोत. कुना गरजवंताला द्या."

मी त्यांना आत बसवलं. म्हटलं, आता सांगायचं. आता नाही सांगितलं तर मरेपर्यंत सांगणार नाही. आणि सांगायच्या आधी हाताला काहीतरी चाळा म्हणून पिशवी रिकामी केली. डोळ्याचे थेंब, गुडघ्याचं मलम, आणि खाकी पाकिटं. एक उघडलेलं, त्यात जुन्या गोळीची अर्धी पट्टी शिल्लक. आणि त्याच्याखाली पाच पाकिटं. माझ्या हातानं लिहिलेलं सकाळी १. माझ्या हातानं मारलेल्या पिना. पाचही पाकिटांवरच्या पिना जशाच्या तशा.

मी एक पाकीट उचलून त्यावरची पिन अंगठ्यानं चाचपली.

वहिनी खाली मान घालून बोलल्या. "त्यांनी गोळी सोडली व्हती, भाऊ. ज्येष्ठापासनं. तुमचं अन् त्यांचं वाजलं त्या दिसापासनं. पाय सुजायचं ना. मला म्हनलं, पारसला बोलायचं न्हाई, त्याला कळलं की लगीच नवी गोळी गळ्यात मारंल. म्हनलं, मीठ बंद करतो, रोज चालाया जातो, बी.पी. आपोआप खाली येतं का न्हाई बघ. मंग दाखवतो त्याला, ना तुजी गोळी ना माजी." मग त्यांचा आवाज फुटला. "मला म्हाईत व्हतं, भाऊ. मी कुनालाच बोलले न्हाई."

म्हणजे तुझी सूज माझ्या गोळीनं उतरलीच नव्हती. कुठल्याच गोळीनं नाही. तू पाय पुढं करून मला चिडवत होतास, मी गालात हसत होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण जिंकलो.

मीही वहिनींना सगळं सांगितलं. नावाची कड कापल्यापासून. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "म्हंजी तुमी बी लपवलं अन् त्यांनी बी लपवलं." मी त्यांना म्हणालो, वहिनी, तुमचा यात काडीचा दोष नाही, तो माणूस कुणाचं ऐकत होता का कधी? त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही हे मला दिसलं. मला तरी माझं कुठं पटलंय?

उठताना पदरानं तोंड पुसलं आणि दारात थांबून विचारलं, "भाऊ, खरं सांगा. ह्या गोळ्या घेतल्या असत्या तर ऱ्हायलं असतं का हे?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही, वहिनी." तेही खोटं नाही. गोळी घेऊनही माणसं जातात, हे तू आणि मी दोघांनी बघितलंय.

पण तुला सांगतो, दत्ता. चाललं असतं रे. तुझी जुनी चालली असती, माझी नवी चालली असती, दोघांना नको होती तर तिसऱ्याच जातीची एखादी चालली असती. डावं की उजवं, निम्मं की पूर्ण, यात फरक असला तर तो वळभर होता, आणि आपण त्यावर तीस वर्षं घासाघीस केली. गोळी घेणं आणि न घेणं यात केवढा फरक असतो, हे तू रोज शंभर लोकांना ओरडून सांगायचास. ठकूबाईला सांगितलंस. मला सांगायला आला असतास, की पारस, पाय सुजतात, गोळी सोडलीय, काय करू? माझ्यासमोर हरायचं नव्हतं तुला, एवढ्यासाठी गेलास.

मला कुठं जिंकायचं होतं? दुपारी तू त्या पायरीवर येऊन बसावंस, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी रोज हरायला तयार होतो, आणि हे मी तुला तीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही.